बोल्ट वगळून पुन्हा काढ

एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये मास्टर्स करताना एका छोट्या व्हेंचर फंडात, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात, इंटर्न म्हणून लागलो. पहिलंच काम म्हणजे एस्टोनियातल्या स्टार्टअपनी वर्षागणिक किती भांडवल उभं केलं, त्याचा आलेख काढायचा. 2022 चा खांब असा उंच, की मी खूश. बॉसने पाहिला आणि एवढंच म्हणाली, "बोल्ट वगळून पुन्हा काढ."

वगळला, तर खांब जवळजवळ निम्म्यावर आला. जानेवारी 2022 मध्ये बोल्ट या टॅक्सीवाल्या कंपनीने एकटीने 62.8 कोटी युरो उभे केले होते. ऑगस्ट 2021 मध्ये 60 कोटी, म्हणजे तो खांबही ढासळला. देशाची लोकसंख्या आमच्या नाशिक शहरापेक्षाही कमी. इथे एक मोठा राउंड, म्हणजे गुंतवणूकदारांकडून पैसे उभे करायची एक फेरी, झाला की 'ट्रेंड' तयार होतो आणि पुढच्या वर्षी तसा झाला नाही की मंदीच्या बातम्या येतात. 2023 ची पडझड खोटी नव्हती. व्याजदर वाढल्यावर सगळ्या युरोपातच हात आखडले होते. पण नेमकं किती पडलं, हे मोठे राउंड बाजूला काढल्याशिवाय कळत नाही. दरडोई गुंतवणुकीत एस्टोनिया युरोपात पुढे, हे वाक्य तुम्हाला प्रत्येक भाषणात ऐकू येईल. भागाकारात खाली फक्त तेरा-चौदा लाख आहेत, हे लक्षात ठेवून ऐकायचं.

आणखी एक गोंधळ म्हणजे एस्टोनियन कंपनी म्हणायचं कोणाला? परदेशी पैसे पाठवायची सेवा देणारी वाइज एस्टोनियन संस्थापकांची, पण मुख्यालय लंडनला आणि 2021 मध्ये शेअर बाजारात उतरली तीही तिथेच. कोणी मोजतं, कोणी मोजत नाही. त्यामुळे दोन अहवालांतले आकडे जुळले नाहीत तर आधी व्याख्या बघा.

पैसा येतो कुठून, हे समजायला मला नातीगोती काढावी लागली, अगदी लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखी. मूळपुरुष स्काइप. ती 2003 साली निघाली; संस्थापक स्वीडन-डेन्मार्कचे, पण सॉफ्टवेअर लिहिलं टॅलिनच्या पोरांनी. 2005 मध्ये ईबेने ती 2.6 अब्ज डॉलरला घेतली आणि हाताशी पैसा व अनुभव असलेली माणसं मोकळी झाली. वाइजचा ताव्हेत हिन्रिकुस स्काइपमधला, डिलिव्हरी रोबो बनवणाऱ्या स्टारशिपचा अह्ती हेइन्लाही स्काइपमधला. यांच्यातले बरेच जण पुढे एंजल झाले, म्हणजे स्वतःच्या खिशातून नव्या कंपन्यांत पैसे घालू लागले. सुरुवातीचा छोटा पैसा अशा ओळखीतून गावातच मिळतो. मोठ्या राउंडला मात्र लंडन नाहीतर अमेरिका गाठावी लागते.

नव्याने येणाऱ्याला माझा सगळ्यात उपयोगी सल्ला म्हणजे इथली कंपनी नोंदवही उघडायला शिका. कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल ऑनलाइन, फुकट वाचता येतो. अहवाल बहुतेक एस्टोनियन भाषेत, पण 'काह्युम' म्हणजे तोटा, एवढा एक शब्द आला तरी मुलाखतीत निम्मं काम होतं. हे अहवाल वाचताना नफ्यावरच्या कराचा नियमही माहीत हवा. 2000 पासून कंपनीने नफा वाटला तरच त्यावर कर, धंद्यातच ठेवला तर शून्य.

फंडात थेट नोकरीची आशा धरून येऊ नका. पाच-सहा माणसांची ऑफिसं ती, जाहिरात क्वचितच निघते. आधी एखाद्या स्टार्टअपमध्ये काम करा आणि मे महिन्यात लॅटिट्यूड59 या स्टार्टअप परिषदेला स्वयंसेवक म्हणून जा. बिल्ले वाटता वाटता मला जेवढे गुंतवणूकदार भेटले, तेवढे वर्षभर ईमेल पाठवून भेटले नव्हते. एस्टोनियन माणूस गप्पांत वेळ घालवत नाही. हवापाणी, प्रवास वगैरे सोडून मुद्द्यावर या.

सध्या वारं संरक्षण तंत्रज्ञानाकडे आहे. युक्रेनवर हल्ला झाल्यापासून रशियाला लागून असलेल्या या देशाला ते टाळता येण्यासारखंच नाही. स्मार्टकॅप या सरकारी गुंतवणूक संस्थेनेही त्यासाठी 10 कोटी युरोंचा फंड काढला आहे. पगार चांगले, काम रंजक. पण आपला पासपोर्ट चालेल का, हे पहिल्याच फोनवर विचारा. मी तिसऱ्या मुलाखतीत विचारलं होतं.