स्लाइड रूलचं उत्तर चुकतंय? या चुका टाळा

जुना स्लाइड रूल (सरकती पट्टी असलेलं गणिताचं साधन) हाती आला की बहुतेक जण आधी २ गुणिले ३ करून पाहतात. ६ आले की हुरूप येतो आणि पुढच्याच गुणाकाराला गाडी अडते. दोष सहसा उपकरणाचा नसतो. ही पट्टी फक्त लांब्यांची बेरीज-वजाबाकी करते. २५ सेंटिमीटरच्या डी स्केलवर (स्थिर भागावरच्या आकड्यांच्या ओळीवर) २ हा आकडा डाव्या टोकापासून साधारण ७.५ सेंटिमीटरवर असतो आणि ३ साधारण ११.९ वर, कारण अंतरं लॉगरिदमच्या प्रमाणात आखलेली असतात. दोन्ही अंतरं जोडली की आपण ६ वर पोहोचतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो दशांशचिन्हाचा. ०.३८ गुणिले ७२ केलं तर पट्टी २७४ च्या आसपासचे अंक दाखवते. ते २.७४, २७.४ की २७४, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून पट्टी सरकवण्याआधीच तोंडी अंदाज करा: ०.४ गुणिले ७० म्हणजे २८, तेव्हा उत्तर २७.४. माझ्या मते या उपकरणाची खरी गंमत इथेच आहे. हा अंदाज टाळणाऱ्याने स्लाइड रूल अर्धाच वापरला. (घातांकांच्या गणितासाठीचे एलएल स्केल मात्र याला अपवाद. तिथे दशांशचिन्ह छापलेलंच असतं, ते आपल्या मनाने हलवायचं नाही.)

दुसरी चूक वाचनाची. डी स्केलवर १ आणि २ यांच्या मध्ये छापलेले बारीक आकडे १.१, १.२ असे वाचायचे असतात. नवशिके त्यातल्या बारीक २ लाच खरा २ समजतात. शिवाय रेघांची किंमत जागेनुसार बदलते. नेहमीच्या २५ सेंटिमीटरच्या पट्टीवर १ ते २ मध्ये एक बारीक घर ०.०१ चं, २ ते ४ मध्ये ०.०२ चं आणि त्यापुढे ०.०५ चं असतं.

४ गुणिले ६ करताना सी स्केलवरचा (सरकत्या पट्टीवरच्या तशाच ओळीवरचा) ६ बाहेर लटकतो. अशा वेळी सी स्केलचं उजवं टोक ४ वर आणा आणि ६ च्या खाली डी वर २४ वाचा.

ए स्केल ही डी वरच्या आकड्यांचे वर्ग दाखवणारी, दोन सारख्या भागांची ओळ. वर्गमूळ काढताना तिचा अर्धा भाग चुकला, तर उत्तर पूर्णच बिघडतं. पूर्णांकी भागातल्या अंकांची संख्या विषम असेल तर डावा भाग घ्या, सम असेल तर उजवा. ४ चं वर्गमूळ २, पण ४० चं ६.३२.

मोठ्या गणितात मधलं उत्तर कागदावर उतरवून पुन्हा लावू नका, दर वेळी थोडी अचूकता जाते. त्यासाठीच कर्सर (पट्टीवर सरकणारी, बारीक रेघ असलेली काच) आहे. आमेदे मॅनहाइम यांनी १८५० च्या दशकात केलेल्या मांडणीमुळे तो रुळला. कर्सर मधल्या उत्तरावरच ठेवा आणि पट्टी हलवा.

एवढं करूनही उत्तर हटकून एकाच बाजूला चुकत असेल, तर कर्सर तिरका असू शकतो. त्याची रेघ डी वरच्या २ वर ठेवा, ए वर नेमके ४ दिसले पाहिजेत. ३ वर ठेवल्यास ९. दिसले नाहीत, तर कर्सरच्या चौकटीचे स्क्रू किंचित सैल करून रेघ जुळवा. पट्टी जड सरकत असली तरी तेल ओतू नका आणि सेल्युलॉइडला अॅसिटोन लावू नका, ते विरघळतं. ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरडं करा.