सिम्युलेटरमधील लांब उड्डाणात छोट्या विमानात इंधन कसे भरावे

नागपूरहून तिरुवनंतपुरमपर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे 770 सागरी मैल आहे. सेस्ना 172 स्कायहॉक हे विमान 115 नॉटच्या (ताशी 115 सागरी मैलांच्या) शांत वेगाने नेले, तर वारा अजिबात नसतानाही या प्रवासाला साडेसहा तासांहून अधिक वेळ लागतो. या विमानाच्या दोन्ही टाक्यांत मिळून 56 गॅलन इंधन मावते, त्यातले 53 गॅलन वापरता येते, आणि ताशी सुमारे 9 गॅलन खर्च धरला तर टाक्या सहा तासांच्या आतच कोरड्या पडतात. म्हणजे वाटेत कुठेतरी उतरावे लागणार, हे उड्डाणाआधीच ठरलेले असते.

याला बगल देण्याचे दोन उपाय हमखास सुचवले जातात. पहिला म्हणजे संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जाऊन अमर्याद इंधनाचा पर्याय सुरू करणे, आणि दुसरा म्हणजे हवेतच मेनू उघडून टाकीची पट्टी उजवीकडे ओढणे. दोन्ही उपाय चालतात, पण मी ते कुणालाही सुचवणार नाही. लांब उड्डाणाचे सगळे नियोजन इंधनाभोवती फिरते. कोणत्या उंचीवर जायचे, इंजिन किती ताणायचे, कुठे उतरायचे, सोबत किती वजन घ्यायचे हे सारे निर्णय इंधनावरूनच ठरतात. इंधन संपण्याची शक्यताच काढून टाकली, तर उरते ते पडद्यावरून सरकणारे भूदृश्य. पुढील मार्गदर्शन रीतसर उतरून, इंजिन बंद करून इंधन भरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

थांबे ठरवणे

नागपूर ते हैदराबाद सुमारे 235, हैदराबाद ते बेंगळुरू सुमारे 245 आणि बेंगळुरू ते तिरुवनंतपुरम सुमारे 285 सागरी मैल, असे तीन टप्पे पडतात. नागपूरहून थेट बेंगळुरू गाठता येते, परंतु त्यासाठी टाक्या जवळजवळ काठोकाठ भराव्या लागतात आणि समोरून वारा आला तर राखीव साठ्यालाच हात घालावा लागतो. मी नेहमी दोन थांबे घेतो. एक थांबा वाचवून अर्धा तास वाचतो खरा, पण पुढचे चार तास डोळे इंधनमापकावरच खिळून राहतात.

उतरणे आणि इंजिन बंद करणे

विमान उतरवून टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून हळू चालवत, खुणा आखलेल्या पार्किंगच्या जागेवर आणावे, पार्किंग ब्रेक लावावा, एव्हिऑनिक्स (रेडिओ व दिशादर्शक उपकरणे) बंद करावे, मिक्श्चर (इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण मागे ओढून इंजिन थांबवावे आणि त्यानंतर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र) व मास्टर स्विच बंद करावे.

ट्रक बोलावणे

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) विंडोमधील ग्राउंड सर्व्हिसेसमधून इंधनाची मागणी करता येते. ट्रक येत नसेल, तर बहुतेक वेळा कारण या तीनपैकी एक असते: इंजिन अजून चालू आहे, ब्रेक लावलेला नाही, किंवा विमान आखलेल्या जागेच्या बाहेर उभे आहे. लहान धावपट्ट्यांवर ही सेवा अनेकदा नसतेच. अशा ठिकाणी, तसेच एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही, वजन आणि इंधनाची विंडो उघडून आकडा स्वतः भरावा, मात्र इंजिन बंद असतानाच.

किती भरायचे

सगळी अडचण इथे आहे, आणि मी जी सर्वांत मोठी चूक केली तीही इथेच. मे महिन्यातली रात्र होती. नागपुरातून थेट बेंगळुरूला जायचे ठरवले होते. हिशेब कागदावर नीट मांडला होता: चार तास दहा मिनिटांचे उड्डाण, चढाई व टॅक्सीचा खर्च, पाऊण तासाचा राखीव साठा आणि टाकीच्या तळाशी राहणारे न वापरता येणारे 3 गॅलन, असे मिळून 50 गॅलन, म्हणजे सुमारे 190 लिटर. माझ्या डोक्यात लिटर होते, कारण पेट्रोल आपण आयुष्यभर लिटरमध्येच मोजतो. सिम्युलेटरच्या विंडोमधला आकडा मात्र पाउंडात होता. मी पट्टी ओढली, 190 हा आकडा दिसला आणि समाधानाने विंडो बंद केली.

विमानाच्या पेट्रोलचे एक गॅलन साधारण 6 पाउंड भरते. म्हणजे 190 पाउंडात अवघे 32 गॅलन येतात. मला हवे होते 50. विचित्र गोष्ट अशी, की पट्टी अर्ध्याच्या थोडीच वर थांबली होती आणि मी ती डोळ्यांनी पाहिली होती. पण आकडा जुळला, म्हणून पट्टी काय सांगते आहे याचा मी विचारच केला नाही.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून निघून सुमारे तीन तास झाले होते. खोलीत कूलर पूर्ण वेगाने चालू होता आणि त्याच्या घरघरीत इंजिनाचा आवाज कधी थांबला हे कळले नाही. लक्षात आले ते वेगाच्या आकड्यावरून. उंची टिकवण्यासाठी ऑटोपायलट विमानाचे नाक हळूहळू वर उचलत होता आणि वेग 115 वरून 90, 90 वरून 75 असा उतरत होता. ऑटोपायलट काढून नाक खाली केले तेव्हा कर्नूल नुकतेच मागे पडले होते आणि समोर अंधाराशिवाय काही नव्हते. विमान शेतात उतरवण्याच्या प्रयत्नात मोडले. ऑटोपायलटवरच्या विमानाचा वेग स्वच्छ हवेत विनाकारण घटू लागला, तर सर्वप्रथम इंधन आणि इंजिन पाहावे, आणि उंचीचा हट्ट त्याच क्षणी सोडून द्यावा.

एककांची ही गफलत फक्त घरी बसून उडवणाऱ्यांकडूनच होते असे नाही. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानात अशीच चूक झाली. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धती रुजत होती. विमानाला 22,300 किलो इंधन हवे होते, आणि लिटरचे वजनात रूपांतर करताना किलोऐवजी पाउंडाचा गुणक वापरला गेला, त्यामुळे प्रत्यक्षात लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन ते विमान निघाले. 41,000 फुटांवर असताना इंधन संपू लागले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत आणून गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले आणि कुणाचाही जीव गेला नाही. अनुभवी माणसांच्या नजरेतून जे निसटते ते आपल्याही नजरेतून निसटेल, असे धरूनच पद्धत बसवली पाहिजे.

माझी पद्धत अशी आहे. इंधनाचा विचार आधी तासांत करावा, मग गॅलनमध्ये आणि शेवटी टक्क्यांत. टक्क्याला एकक नसते. विंडो पाउंडात असो, किलोत असो वा गॅलनमध्ये, साठ टक्के भरलेली टाकी साठ टक्केच भरलेली असते. हैदराबाद ते बेंगळुरू हा टप्पा घेऊ. 245 मैलांना 115 ने भागले की दोन तास आठ मिनिटे येतात. ताशी 9 गॅलनप्रमाणे त्याचे सव्वाएकोणीस गॅलन होतात. त्यात चढाई आणि टॅक्सीसाठी अडीच, एका तासाच्या राखीव साठ्यासाठी 9 आणि न वापरता येणारे 3 मिळवले, की पावणेचौतीस गॅलन होतात. 56 गॅलनचे हे साठ टक्के झाले. पट्टी साठ टक्क्यांवर आणावी आणि नंतर पडताळा म्हणून वजनाचा आकडा पाहावा. पावणेचौतीस गुणिले सहा, म्हणजे 202 पाउंड किंवा 92 किलोच्या आसपास तो आला पाहिजे. टक्का आणि वजन हे दोन्ही जुळल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. त्या रात्री मी एवढे केले असते, तर नव्वद टक्क्यांवर असायला हवी ती पट्टी सत्तावन्नवर दिसली असती आणि चूक जमिनीवरच सापडली असती.

राखीव साठ्याबाबत कंजुषी नको. अमेरिकेच्या नियमांनुसार दृश्य पद्धतीच्या उड्डाणाला दिवसा किमान 30 आणि रात्री 45 मिनिटांचे इंधन शिल्लक राहील असे नियोजन लागते. मी पूर्ण तास धरतो, कारण सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष हवामान चालू ठेवले की वारा कागदावरचा हिशेब सहज मोडतो. समोरून 20 नॉटचा वारा आला तर 115 चा वेग जमिनीच्या हिशेबाने 95 होतो, वरचाच टप्पा दोन तास पस्तीस मिनिटांवर जातो आणि चार गॅलन जास्त जळतात.

याच्या उलट, दरवेळी टाक्या काठोकाठ भरण्याचा सल्लाही मला मान्य नाही. या विमानाचे उड्डाणावेळचे कमाल वजन 2550 पाउंड आहे. टाक्या पूर्ण भरल्या तर उरलेल्या वजनात तीन प्रौढ माणसे जेमतेम बसतात, चौथे नाही. सिम्युलेटर बहुधा तुम्हाला अडवत नाही. जास्त वजनाचे विमान धावपट्टीवर रेंगाळते आणि मग दोष विमानाच्या मॉडेलला दिला जातो. त्यात नागपूरचा उन्हाळा जमेस धरावा. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1030 फुटांवर आहे, पण तापमान 45 अंशांवर गेले की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जवळपास 5000 फुटांवर असल्यासारखी असते. धावपट्टी 3200 मीटर लांब असल्यामुळे तिथे निभावून जाते. तेच वजन घेऊन एखाद्या आखूड पट्टीवरून निघालात, तर पट्टीच्या टोकाची झाडे फार लवकर समोर येतात.

भरून झाल्यावर

डाव्या आणि उजव्या टाकीतले इंधन समान आहे का ते पाहावे आणि इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचे ते ठरवणारा सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर ठेवावा.

ग्लास कॉकपिट (काट्यांच्या मापकांऐवजी पडदे) असलेल्या स्कायहॉकमध्ये आणखी एक सापळा आहे. पडद्यावर उरलेल्या इंधनाचा जो गॅलनमधला हिशेब दिसतो, तो टाकीत डोकावून काढलेला नसतो. आपण सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यातून जळालेले इंधन वजा करत तो चालतो. इंधन भरल्यावर तो आकडा हाताने बदलला नाही, तर टाक्या भरलेल्या असतानाही तो जुनीच शिल्लक दाखवत राहतो. आणि भरल्यापेक्षा जास्त आकडा घातला, तर रिकाम्या टाकीलाही तो भरलेली म्हणतो. त्यामुळे थांब्यावर हा आकडा बदलणे विसरू नये आणि हवेत असताना दर अर्ध्या तासाने तो टाकीच्या मापकांशी ताडून पाहावा. दोघांत फरक दिसला, तर जो आकडा कमी असेल तोच खरा मानून पुढचा निर्णय घ्यावा.

सिम्युलेटरचा वेळ दुप्पट किंवा चौपट वेगाने पळवण्याची सवय असेल, तर घड्याळाबरोबर इंधनही त्याच पटीने संपते. चौपट वेगात अर्धा तास उठून गेलात, तर परत येईपर्यंत 18 गॅलन जळालेले असतात. वेळ पळवायचाच असेल, तर खुर्ची सोडू नये.

पुन्हा निघताना

बेंगळुरू सुमारे 3000 फुटांवर आहे. तिथून निघताना मिक्श्चर सवयीने पूर्ण पुढे ढकलू नये, पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे सर्वाधिक येतील इतके ते मागे घ्यावे. ठरलेल्या उंचीवर पोहोचल्यावर पुन्हा एकदा विरळ करावे, म्हणजे त्यातले इंधनाचे प्रमाण कमी करावे, कारण ताशी 9 गॅलनचा वरचा सगळा हिशेब मिक्श्चर नीट विरळ केले आहे असे धरूनच मांडलेला आहे. चाके जमीन सोडतील ती वेळ कागदावर लिहावी आणि तिच्याखाली टाकीत किती तासांचे इंधन आहे ते लिहावे. बेंगळुरू ते तिरुवनंतपुरम या टप्प्यासाठी 37 गॅलन, म्हणजे सहासष्ट टक्के भरले असतील, तर मी तिथे तीन तास तीस मिनिटे लिहितो. त्यातला शेवटचा तास राखीव असल्यामुळे अडीच तास होईपर्यंत धावपट्टी नजरेत आली नसेल, तर मी पुढे न जाता सर्वांत जवळच्या विमानतळाकडे वळतो.