एक्स्टर्नल रेकॉर्डर घेताय? या चुका टाळा

एक्स्टर्नल रेकॉर्डर म्हणजे कॅमेऱ्याला केबलने जोडून व्हिडिओ साठवणारं वेगळं यंत्र. ते जोडलं की चित्र आपोआप सुधारतं, हा समज आधी डोक्यातून काढा. कॅमेरा केबलमधून जे सोडतो तेवढंच रेकॉर्डरला मिळतं. पॅनासॉनिकचा २०१४ चा जीएच४ कार्डवर ८-बिट (रंगांच्या कमी छटा) लिहायचा, पण एचडीएमआयमधून १०-बिट (जास्त छटा) ४:२:२ (रंगांचा जास्त तपशील) द्यायचा. त्याला रेकॉर्डर जोडण्यात अर्थ होता. सोनीचा ए७ थ्री एचडीएमआयमधूनही ८-बिटच देतो. त्याचं फुटेज प्रोरेस या ॲपलच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये घेतलंत म्हणून ते १०-बिट होत नाही, फाइल मात्र फुगते.

पुढे येणाऱ्या अपडेटच्या भरवशावरही पैसे गुंतवू नका. निकॉन झेड६ साठी रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेलं, कच्चं) आउटपुट जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालं आणि हातात यायला डिसेंबर उजाडला, तेही वेगळे पैसे भरून. लग्नसराईची कामं घेतलेल्या माणसाला एवढं थांबणं परवडत नाही. आज जे चालतं तेच बघून घ्या.

सगळ्यात जास्त डोकेदुखी म्हणजे शूट मधेच बंद पडणं. ४के, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू म्हणजे सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट. आठाने भागा: ९२ मेगाबाइट. तासाला ३३० जीबीच्या आसपास. आता फाइल जिच्यावर लिहिली जाते त्या एसएसडी ड्राइव्हला जोडणारी केबल बघा. यूएसबी २ ची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट. आयफोन १५ प्रो थेट एसएसडीवर प्रोरेस लिहू शकतो, पण त्याच्या बॉक्समधली केबल यूएसबी २ चीच आहे. वेगळी, १० गिगाबिटची केबल घ्यावीच लागते.

केबल बदलूनही फ्रेम्स गळत असतील तर संशय एसएसडीवर घ्या. स्वस्त ड्राइव्हच्या खोक्यावरचा वेग बहुतेक वेळा तिच्या कॅशचा, म्हणजे छोट्या वेगवान तात्पुरत्या साठ्याचा असतो. पहिली काही मिनिटं झकास जातात, कॅश भरली की वेग कोसळतो. म्हणून दोन मिनिटांच्या चाचणीवर विसंबणं धोक्याचं. मंगलाष्टकं परत म्हणायला कुणी सांगू शकत नाही! घरीच, ड्राइव्ह पूर्ण भरेपर्यंत, सलग रेकॉर्डिंग करून बघा. एसएसडी गरम होऊनही मंदावते, तेव्हा ही चाचणी पंख्याखाली नको.

ड्राइव्ह ज्या यंत्रात रेकॉर्ड करणार त्यातच फॉरमॅट करा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, एक्सफॅटवर ती अडचण नाही.

फुटेजवर फोकसचा चौकोन किंवा बॅटरीचं चिन्ह उमटलंय? कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआयवरची माहिती दाखवणारा पर्याय बंद करा. मायक्रो एचडीएमआयचं पोर्ट फार नाजूक असतं, केबल घट्ट धरणारा क्लॅम्प लावल्याशिवाय कॅमेरा हातात घेऊन फिरू नका. आणि रेकॉर्डर ‘सिग्नल नाही’ म्हणत असेल तर आउटपुट ‘ऑटो’वरून काढून रेकॉर्डरला झेपेल तेच रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट हाताने निवडा. तरीही पडदा काळाच राहिला तर दुसरी केबल लावून बघा.