पंधरवड्याचे पैसे बंद करताना

"डॉक्टरांनी लाइट वर्क लिहिलंय ना? मग आता पैसे कशाला द्यायचे?" असं म्हणून आमच्या अकाउंटंटने ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मी दुसऱ्या कामात होतो. मान हलवली आणि विसरून गेलो. ती मान हलवणं पुढे कंपनीला वकिलाच्या फीइतकं महाग पडलं. पर्सनल खात्यात माझी पंचवीस वर्षं गेली, तरी अशी चूक झाली. कामावर जखमी झालेल्या कामगाराला दर पंधरवड्याला जी भरपाई द्यायची असते, ती कधी आणि कशी थांबवायची, हा विषय. म्हणून हे लिहितोय, ते छोट्या कारखान्यांचे मालक आणि एचआरला नव्याने बसलेली मुलं यांच्यासाठी.

आधी कायदा कुठला, ते सांगतो. जखमी कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल (पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आणि कारखाना त्या कायद्याखाली), तर पैसे ईएसआय महामंडळ देतं, पगाराच्या ९० टक्के दराने, आणि ते कधी थांबवायचे हेही तिथेच ठरतं. तुमचं काम म्हणजे अपघाताची सूचना वेळेत देणं, हजेरी आणि पगाराची माहिती खरी देणं, आणि तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून न काढणं. बाकी ढवळाढवळ करू नका.

खरी जबाबदारी येते ती ईएसआयच्या बाहेरच्या कामगाराची. त्याच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. भरपाईचे वाद ऐकणाऱ्या आयुक्तांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द आला. माझी गोष्ट २०२२ ची, म्हणून कलमं जुन्या कायद्याची आणि नियम १९२४ चे सांगतोय. नवीन प्रकरण असेल तर संहितेतला कलम नंबर वकिलाकडून बघून घ्या.

आमचा माणूस पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर होता. वय ३५, पगार २४,०००. ४ मार्च २०२२, शुक्रवार, दुसरी पाळी. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोकाचं पेर गेलं आणि तळवा चेचला. मालकाचा पहिला प्रश्न, "त्याने गार्ड काढला होता का?" गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला असलेलं कवच, तारेने मागे बांधलेला होता, पण ती तार त्याने बांधलेली नव्हती. ती महिनाभरापासून तशीच होती, आणि फोरमनला ठाऊक होतं. कायद्याने मालकाची सुटका होते ती कामगार नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट नियम किंवा हुकूम त्याने मुद्दाम मोडला असेल, किंवा गार्ड मुद्दाम काढला असेल आणि अपघात थेट त्यामुळेच झाला असेल तेव्हाच. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही सवलत नाही. नुसता निष्काळजीपणा, 'लक्ष नव्हतं', 'मोबाइलवर बोलत होता' यावर पैसे नाकारता येत नाहीत. हा वाद मी दहा मिनिटांत संपवला. तुम्हीही संपवा.

आता हिशेब. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के द्यायचे. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी कमाल १५,००० धरायचे होते. म्हणून त्याचा पंधरवडा ३,७५० चा. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिला हप्ता अपघातापासून सोळाव्या दिवशी. २८ दिवसांच्या आत बरा झाला तर सुरुवातीचे तीन दिवस सोडून. पुढे अपंगत्व असेपर्यंत किंवा पाच वर्षं, यातलं जे आधी संपेल तोवर. औषधोपचाराचा खरा खर्च वेगळा, तो यात धरायचा नाही.

'अपंगत्व असेपर्यंत' हे शब्द नीट वाचा. तिथे 'डॉक्टरकडे जातोय तोपर्यंत' नाही, 'रजा शिल्लक आहे तोपर्यंत' नाही, 'नोकरीवर आहे तोपर्यंत' तर मुळीच नाही. त्याने राजीनामा दिला तरी हाताची जखम राजीनामा देत नाही.

आमचं कुठे चुकलं, ते आता. पाचव्या आठवड्यात ती लाइट वर्कची चिठ्ठी आली. आमच्याकडे हलकं काम नव्हतं. स्टोअरला माणूस भरलेला, गेटवर एजन्सीचा सिक्युरिटी. म्हणजे तो घरीच बसणार होता, शून्य पगारावर. आणि अकाउंटंटने त्याच तारखेपासून पंधरवडा थांबवला. लाइट वर्कची चिठ्ठी म्हणजे अपंगत्व संपल्याचा दाखला नव्हे. उलट अजून त्याला त्याचं जुनं काम जमत नाही, याचा तो लेखी पुरावा, आणि तोही आमच्याच फाइलमध्ये.

त्याला हलकं काम खरंच दिलं असतं तर चित्र वेगळं होतं. समजा स्टोअरमध्ये २०,००० वर बसवलं. कलम ४ म्हणतं की पंधरवड्याची रक्कम जुन्या आणि नव्या पगाराच्या निम्म्यातल्या फरकापेक्षा जास्त होऊ नये. जुन्याचे निम्मे १२,०००, नव्याचे १०,०००. फरक २,०००. म्हणजे ३,७५० ऐवजी २,००० दिले की झालं. आणि त्याच २४,००० वर बसवला असता तर फरकच नाही, पंधरवड्याला काही देणं लागलंच नसतं. पैसे कायदेशीरपणे कमी करायचा हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, आणि मालक लोक नेमका तोच टाळतात, कारण एका हाताने काम करणारा माणूस शॉपमध्ये फिरताना त्यांना बघवत नाही. मी मात्र दोन पंधरवडे आधीच डॉक्टरांशी फोनवर बोलतो: किती किलो उचलता येईल, उभं राहणं चालेल का, उजवा हात कुठवर वापरायचा. मग त्या माणसाला लेखी पत्र, काम कुठलं, पगार किती, वेळ काय. त्याने नाकारलं तर त्याचं कारण लिहून घ्यायचं. बाहेर बसवून 'आम्ही काम देऊ केलं होतं' असं तोंडी म्हणण्याला काडीची किंमत नाही.

तपासणीबद्दलही एक गैरसमज आहे. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने फुकट तपासणी देऊ करायची असते, आणि पंधरवडा घेणाऱ्या माणसाला पुढेही वेळोवेळी तपासणीला बोलावता येतं. पण राहत्या ठिकाणाबाहेर बोलवायचं तर पहिल्या महिन्यात दोनदा आणि नंतर महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. त्याच्या संमतीशिवाय संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात नाही. तो सबळ कारणाशिवाय आला नाही, तर नकार चालू असेपर्यंत त्याचा हक्क स्थगित होतो आणि त्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र स्थगित आणि बंद यात फरक आहे. तो तपासणीला तयार झाला की पैसे पुन्हा चालू. आणि 'सबळ कारण' म्हणजे काय हे तुम्ही ठरवणार नाही. आमच्या एका माणसाला बोलावलं त्या दिवशी त्याच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. मी दुसरी तारीख दिली. त्यावर भांडायला जाणारा पर्सनल ऑफिसर पुढे दहा वर्षं शॉपमध्ये तोंड दाखवू शकत नाही.

मग कायमचं थांबवायचं कसं? साधं प्रकरण असेल, माणूस पूर्ण बरा होऊन जुन्या कामावर आला असेल, तर वाद नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला घ्या. 'फिट' एवढ्या एका शब्दावर भागवू नका. कुठल्या कामासाठी फिट आणि कुठल्या तारखेपासून, ते लिहून मागा. 'पॉवर प्रेसवरील नेहमीच्या कामासाठी' असं आलं पाहिजे. डॉक्टरला प्रेस म्हणजे काय ठाऊक नसतं, म्हणून मी सोबत कामाचं अर्धं पान वर्णन पाठवतो: पेडल पायाने, शीट दोन्ही हातांनी, पाळीत किती स्ट्रोक. एकदा ते वाचून डॉक्टरांनी आधीचा दाखला मागे घेतला आणि आणखी तीन आठवडे दिले. मालक चिडला, मला बरं वाटलं.

मधल्या पंधरवड्यात बरा झाला तर तेवढ्या दिवसांचे पैसे द्यायचे. आमच्या माणसाचे चार पंधरवडे पूर्ण आणि पाचव्यातले नऊ दिवस झाले. १५ दिवसांचे ३,७५०, म्हणजे नऊचे २,२५०. एकूण १७,२५०. पत्र साधं ठेवलं:

"डॉक्टरांच्या सोबत जोडलेल्या दाखल्यानुसार आपण आपल्या नेहमीच्या कामास योग्य झाला आहात. त्यामुळे पंधरवडी भरपाई दाखल्यातील तारखेपासून थांबत आहे. पाचव्या पंधरवड्यातील नऊ दिवसांचे रु. २,२५० आपल्या खात्यात जमा केले आहेत. बोटाच्या कायमच्या नुकसानीची भरपाई वेगळी असून तिचा हिशेब स्वतंत्र कळवू. आपणास हे मान्य नसल्यास आयुक्तांकडे अर्ज करण्याचा आपला हक्क आहे."

शेवटचं वाक्य बघून मालक म्हणाला, "आपणच त्याला रस्ता दाखवायचा?" हक्कांची माहिती लेखी देणं २०१७ च्या दुरुस्तीपासून मालकाचं कर्तव्यच झालंय, म्हटलं. वाक्य राहिलं.

माणूस म्हणतो बरा नाही आणि तुम्ही म्हणता बरा आहे, अशा वेळी मात्र स्वतःच्या सहीने पैसे थांबवू नका. करारावर किंवा आयुक्तांच्या आदेशावर चालू असलेला पंधरवडा असेल तर कलम ६ खाली फेरविचाराचा अर्ज करा, सोबत प्रकृतीत फरक पडल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. आयुक्त रक्कम चालू ठेवू शकतात, वाढवू शकतात, कमी करू शकतात किंवा बंद करू शकतात. मालकाचं म्हणणं प्रथमदर्शनी बरोबर वाटलं तर निकाल लागेपर्यंत पैसे पूर्ण किंवा काही प्रमाणात रोखून धरण्याचा आदेशही ते देऊ शकतात. रोखायचा अधिकार असा त्यांच्याकडे आहे. आणि प्रकृतीत फरक नसताना मालकाने पैसे बंद केले, तर कामगाराला अर्जासोबत डॉक्टरचा दाखलाही जोडावा लागत नाही.

आमच्या माणसाने त्याच वाटेने अर्ज केला होता. नोटीस आली, आम्ही थांबवलेले हप्ते भरले. महिनाभराहून जास्त थकलं की १२ टक्के व्याज लागतं. आमचं व्याज जेमतेम शंभर-दीडशे रुपये झालं असेल. पण सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो, आणि विमा कंपनी तो उचलेल अशी आशा धरू नका. मोटार अपघाताच्या एका प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड मालकाच्याच माथी टाकला होता. व्याजही तुमच्या पॉलिसीत वगळलेलं असू शकतं, ती काढून वाचा. रकमेबद्दल वाद असेल तरी जेवढी मान्य आहे तेवढी आधी देऊन टाका.

पंधरवडा संपला म्हणजे प्रकरण संपलं, असं आमच्या माणसाच्या बाबतीत नव्हतं. तर्जनीचं एक पेर गेलं तर कायद्याच्या अनुसूचीत कमाईची क्षमता ९ टक्के कमी धरलेली आहे. आधी पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढायची: पगाराचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. ३५ वर्षं वयाला तो १९७.०६. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४०. त्याचे ९ टक्के १,५९,६१८ रुपये ६० पैसे. त्यातून दिलेले १७,२५० वजा करून १,४२,३६८ रुपये ६० पैसे. हॉस्पिटलचं बिल यातून वजा करायचं नाही. ती कात्री मी दोन ठिकाणी लागलेली पाहिलीय, आणि दोन्ही ठिकाणी ती परत काढावी लागली.

हे एकरकमी देताना एका कारखान्यात मी स्टॅम्प पेपर पाहिला होता: 'यापुढे माझा काहीही हक्क राहणार नाही', खाली अंगठा. हक्क सोडून दिल्याचा तसला करार कायद्याने रद्दबातल असतो. एकरकमी रक्कम आपसात ठरवली तर तिचं ज्ञापन, म्हणजे काय ठरलं त्याची लेखी टिपण, आयुक्तांकडे पाठवून नोंदवून घ्यावं लागतं, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा सही दबावाने घेतली असं दिसलं तर ते नोंद नाकारू शकतात. नोंदणी केली नाही तर पूर्ण भरपाईची जबाबदारी तशीच राहते, आणि दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाहीत, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर.

आम्ही ज्ञापन पाठवलं तेव्हा तो माणूस माझ्यासोबत आला होता. हिशेबाचा कागद त्याने उलटसुलट बघितला, तो गुणकाचा आकडा कुठून आला ते विचारलं. मी अनुसूची उघडून वयासमोरची ओळ दाखवली. मग डाव्या हाताने सही केली, अजून उजव्याने पेन नीट धरता येत नव्हतं.