लँग्वेजमध्ये क्लोन देताय? सोबत हुक पण द्या

स्वतःची छोटी प्रोग्रामिंग लँग्वेज बनवताय आणि ऑब्जेक्टला क्लोन, म्हणजे कॉपी करायची सोय द्यायचीय, तर शॅलो (वरवरची कॉपी, आतल्या गोष्टी शेअर) की डीप (आतलं सगळंच नवं) या वादात अडकू नका, आधी हुक ठेवा, म्हणजे कॉपी होताना क्लास लिहिणाऱ्याचा कोड चालेल अशी जागा. समजा पणजी-म्हापसा असा रूट ऑब्जेक्ट आहे, त्यात स्टॉपची लिस्ट, तो क्लोन करून शटलसाठी पर्वरी काढलं तर शॅलो कॉपीत लिस्ट एकच, म्हणजे मूळ रूटमधूनपण पर्वरी गायब. मग सगळंच डीप करा म्हणाल तर तेपण नको, आत डेटाबेस कनेक्शन किंवा लॉक असेल तर त्याची कॉपी काय कामाची? काय शेअर करायचं नि काय नवं, हे क्लास लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. पीएचपीचं मला खरंच आवडतं, आधी शॅलो कॉपी होते, मग नव्या ऑब्जेक्टवर क्लोनची मॅजिक मेथड आपोआप चालते, हाच तो हुक. जावाची पद्धत मात्र उचलू नका, क्लोनेबल इंटरफेसमध्ये मेथडच नाही, कन्स्ट्रक्टर चालत नाही, त्यामुळे एकदाच सेट होणाऱ्या फायनल फील्डला नवी लिस्ट लावताच येत नाही. आणि डीप कॉपी दिलीच तर पायथनसारखा मेमो, म्हणजे काय काय कॉपी झालं त्याची नोंद ठेवा, एकदा कॉपी झालेला ऑब्जेक्ट परत आला की तीच कॉपी वापरायची, नाहीतर बसमध्ये रूट, रूटमध्ये बस, एकातून दुसऱ्याची कॉपी करत राहणारं रिकर्शन थांबतच नाही.