मुक्त व्यापार करारावर अभ्यासवर्ग घ्यायचाय? पावशेर मिरी घेऊन जा

मुक्त व्यापार करार, म्हणजे देशांनी एकमेकांच्या मालावरचं आयातशुल्क उतरवायचे करार, आणि डाव्यांचा त्यांना विरोध का, यावर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी घेतलेला पहिला वर्ग सपशेल पडला. वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर चौदा माणसं, एक पंखा, आणि मी सुरुवातच केली 'साम्राज्यवाद' या शब्दापासून. चाळीस मिनिटांनी मागच्या बाकावरचा टर्नर म्हणाला, "काका, ते सगळं ठीक. आमचा शेठ सरकारी टेंडरला व्हॉल्व्ह देतो. ब्रिटनच्या करारानं ती ऑर्डर राहणार की जाणार?" मला उत्तर देता येईना. चहा आला म्हणून वाचलो.

तेव्हापासून मी वर्ग उलटा लावतो. आधी वस्तू, मग कराराचं पान, आणि डाव्या पक्षांचं पत्रक सगळ्यात शेवटी. पत्रक आधी वाचलं की मान डोलावणारे डोलावतात, बाकीचे मोबाइल काढतात.

वस्तू म्हणून काळी मिरी न्या. वाशीच्या मसाला मार्केटमधून पावशेर घ्या आणि व्यापाऱ्याला माल कुठला ते विचारून ठेवा. वर्गात दाणे हातोहात फिरवा आणि म्हणा, यातली केरळची कुठली, व्हिएतनामची कुठली, सांगा. कोणालाच सांगता येत नाही. मग फळ्यावर आकडे लिहा. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी (व्हिएतनामही त्यातलाच) भारताने १३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉकला करार केला. त्यात मिरीवरचं आयातशुल्क ७० टक्क्यांवरून हळूहळू ५० पर्यंतच उतरवायचं ठरलं. श्रीलंकेशी मात्र २००० पासून वेगळा करार होता. तिथून ठरावीक कोटा बिनशुल्क यायचा, आणि साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराच्या सवलतीत ८ टक्के शुल्काने. ५० आणि ८ यांच्यात एवढी फट असली की माल वाट शोधणारच. व्हिएतनामची मिरी कोलंबोत उतरून 'श्रीलंकेची' होते, अशी ओरड दक्षिणेतल्या बागायतदारांनी सुरू केली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत लावली, म्हणजे त्याखालच्या भावाने मिरी आणायची नाही. माल मुळात कुठला हे ठरवणाऱ्या नियमांना करारात एक अख्खं प्रकरण असतं. एरवी त्या प्रकरणावर सगळे पेंगतात, हातात मिरी असली की नाही.

आता केरळकडे वळा. २ ऑक्टोबर २००९ रोजी डाव्या आघाडीने कासरगोडपासून तिरुअनंतपुरमपर्यंत मानवी साखळी केली. राज्यात सरकार त्यांचंच, मुख्यमंत्री अच्युतानंदन. वर्गाला विचारा, ही साखळी कशाच्या विरोधात? "स्वस्त मालाच्या," असं उत्तर येईल, आणि ते अर्धंच आहे. रबर, मिरी, नारळ, मासळीवर पोट असलेल्या राज्याला करार करताना विश्वासात घेतलं नाही, हे दुसरं दुखणं. राज्यघटनेप्रमाणे परदेशांशी करार हा केंद्राचा विषय, आणि सहीला संसदेची मंजुरीही लागत नाही. शेती राज्यांच्या यादीत, पण शेतमालावरचं शुल्क दिल्लीत ठरतं. म्हणून 'मसुदा संसदेपुढे ठेवा, राज्यांना विचारा' ही मागणी डाव्यांच्या बहुतेक पत्रकांत सापडते. माझ्या मते त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच, आणि पत्रकात तो बहुधा तळाशी दडलेला असतो.

तुर्भे-रबाळे पट्ट्यातले औषध कंपन्यांचे कामगार वर्गात असतील तर दुसरी वस्तू गोळ्यांची स्ट्रिप. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषध बनवायच्या कृतीला पेटंट मिळायचं, औषधाला नाही. त्याच जोरावर आपल्याकडे स्वस्त औषधं उभी राहिली. जागतिक व्यापार संघटनेच्या अटीप्रमाणे २००५ मध्ये औषधालाही पेटंट द्यावं लागलं. तेव्हा केंद्रातलं सरकार डाव्यांच्या सुमारे साठ खासदारांच्या टेकूवर उभं होतं. त्यांनी दुरुस्त्यांसाठी अडवून धरलं, आणि जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागणाऱ्यांना रोखणारं कलम ३(ड) आजच्या रूपात आलं. याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला. हा किस्सा सावकाश सांगा. डावे नुसते 'नको' म्हणतात, असं मानणारे यावर गप्प होतात.

मग ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सही झालेला करार मोबाइलवर उघडायला लावा. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. बौद्धिक संपदेच्या, म्हणजे पेटंट वगैरेंच्या, प्रकरणात एक वाक्य सापडेल: औषधं लोकांपर्यंत पोचवायला स्वेच्छेने दिलेले परवाने हाच श्रेयस्कर मार्ग, अशा अर्थाचं. शेजारी २०१२ सालचं उदाहरण ठेवा. सरकारने सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसताना दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची मुभा, दिला तेव्हा कॅन्सरवरच्या नेक्साव्हरचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता. तो अधिकार कायद्यात अजून आहे. तो गेला, असं कोणी वर्गात म्हणालं तर तिथेच अडवा.

अडचणीचे प्रश्न येणारच, तयारीत राहा. "चीन, व्हिएतनाम कम्युनिस्ट ना? मग ते कसे करार करतात?" करतात. दोघेही आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार करारात आहेत; भारत त्याच्या वाटाघाटींतूनच ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बाहेर पडला. तिथे पक्षाच्याच हाती सत्ता आहे आणि निर्यातीवर कारखाने उभे करायचं त्यांनी ठरवलंय, एवढं सांगा, सारवासारव करू नका. उलट खुद्द मार्क्सने जानेवारी १८४८ मध्ये ब्रसेल्सच्या भाषणात मुक्त व्यापाराच्या बाजूने मत दिलं होतं, हे आपणच सांगून टाका. कारण त्याचं वेगळं: मुक्त व्यापाराने जुनी व्यवस्था लवकर मोडेल म्हणून. "स्वदेशीवालेही विरोधच करतात की!" हाही प्रश्न येतो. ते देशी उद्योगाकडे बघतात. डावे विचारतात, त्या देशी उद्योगातल्या कामगाराच्या हाती काय पडलं?

फायदा लपवू नका. एकदा एक ताई म्हणाल्या, मुलगी ऐरोलीच्या आयटी पार्कमधून लंडनला जाणार आहे. ब्रिटनशी झालेल्या समझोत्यात, तिकडे तात्पुरत्या पाठवलेल्या भारतीयांना तिथल्या सामाजिक विम्याच्या वर्गणीतून काही वर्षं सूट ठरली आहे. म्हणजे त्यांच्या घरी करार चांगलाच. मी तसं म्हटलं, आणि त्या पुढच्या वर्गालाही आल्या.

पत्रकाला आता हात घाला. पेन्सिल द्या आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करायला लावा: घडलेलं, घडेल म्हणून सांगितलेलं, की मागणी. 'न्यूझीलंडच्या दूध पावडरीने दूधवाले बुडतील' हे आरसेपच्या वेळचं वाक्य दुसऱ्या खान्यातलं. आपण आत गेलोच नाही, त्यामुळे खरं-खोटं झालं नाही. आपल्याच पत्रकावर अशी खूण करताना जुन्या कार्यकर्त्यांचा चेहरा पडतो, पण करा.

त्या टर्नरला सहा महिन्यांनी गाठलं. ब्रिटनच्या करारात सरकारी खरेदीचं प्रकरण काढून दाखवलं: केंद्राच्या मोठ्या ठेक्यांत ब्रिटिश कंपन्यांना वाट मिळाली आहे, ठरावीक रकमेच्या वर. "तुमच्या शेठचं टेंडर केंद्राचं की राज्याचं? रक्कम किती?" तो विचारून येतो म्हणाला, आणि विचारून आलाही. महापालिकेचं होतं, म्हणजे त्या प्रकरणाबाहेरचं.

वर्ग रविवारी सकाळी दहाला ठेवा, पण आधी रेल्वेचा मेगाब्लॉक बघून घ्या. ट्रान्स हार्बर लोकल बंद असली की तुर्भ्याची माणसं येत नाहीत, आणि गोळ्यांची स्ट्रिप वाया जाते.