सह्याद्रीच्या वाटांवर माउंटन बाइक: कशी निवडावी, कशी चालवावी, कशी सांभाळावी

माउंटन बाइक घ्यायची ठरली की बहुतेक जण पहिल्यांदा बजेट विचारतात. त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा, की ती चालवणार कुठल्या जमिनीवर? पुण्याच्या टेकड्यांवरचा सुटा मुरूम, देशावरची काळी माती आणि कोकणातला जांभा या तिन्ही जमिनींचं सायकलकडून मागणं वेगवेगळं असतं. ते मागणं कळलं की दुकानात काय बघायचं आणि कशावर पैसे वाचवायचे, हे आपोआप ठरत जातं. म्हणून सुरुवात जमिनीपासून.

१. आधी वाट पायी चालून बघा

मुरूम चाकाखालून सरकतो. सरळ चढावर त्रास कमी, पण वळणावर किंवा उतारावर ब्रेक दाबताना पुढचं चाक निसटतं. काळी माती उन्हाळ्यात सिमेंटसारखी कडक आणि भेगाळ असते. पाऊस पडला की ती टायर आणि चिमटा यांच्यामध्ये थर धरत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. सोलापूर रस्त्याकडच्या एका पाणंदीत जूनच्या पहिल्या पावसानंतर मी हे अनुभवलंय. जेमतेम शंभर मीटर सायकल चालली, पुढचा अर्धा किलोमीटर ती खांद्यावर घेऊन चालावं लागलं. जांभ्यावर कोरड्यात पकड फार छान मिळते, पण पडलात तर किसणीवर पडल्यासारखी कातडी सोलते. पावसात त्याच जांभ्यावर शेवाळ धरतं आणि तिथे कुठलाच टायर टिकत नाही.

नवशिक्यांनी टेकडीवरच्या अरुंद पायवाटेपेक्षा पाणंद आणि गाडीवाट यांवर सुरुवात करावी. चार-पाच किलोमीटरचा एकच फेरा पाच-सहा रविवार तोच ठेवा. दगड कुठे, चर कुठे हे पाठ झालं की लक्ष स्वतःच्या हातापायांकडे देता येतं. राखीव वनक्षेत्रात जायचं असेल तर आधी वनविभागाकडे चौकशी करा. कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांतली बरीचशी उघड्या कातळावर, कुंपणाविना आहेत. सड्यावर चाक घालण्यापूर्वी गावात विचारा आणि शिल्प दिसलं की उतरून लांबून वळसा घ्या.

२. सायकल निवडताना

आपल्याकडच्या बहुतेक वाटांना फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल पुरते. मागेही सस्पेन्शन असलेली चांगली सायकल महाग असते आणि स्वस्तात मिळते ती नुसती जड असते. चढावर ती तुमचं बळ स्प्रिंगमध्ये जिरवते. त्या पैशात ब्रेक आणि टायर चांगले घ्या.

माप सगळ्यात महत्त्वाचं. सायकलची मधली दांडी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. दांडी आणि जांघ यांच्यात किमान पाच सेंटिमीटर जागा हवी, कारण वाटेवर अचानक पाय टेकावा लागतो तेव्हा जमीन सपाट नसते. दुकानदार 'सीट खाली घेऊ, जमेल' म्हणाला तरी मोठी फ्रेम घेऊ नका.

चाकं २७.५ किंवा २९ इंची मिळतात. २९ इंची चाक दगडावरून आणि खड्ड्यावरून सहज लोळत जातं. उंची कमी असेल तर २७.५ वळवायला सोपं पडतं. टायर किमान २.२ इंच रुंद असू द्या. मुरमासाठी टायरच्या कडेच्या गुट्ट्या मोठ्या आणि ताठ हव्यात, कारण वळताना सगळा भार त्यांच्यावर येतो. चिमटा आणि टायर यांच्यात बोट आरामात फिरतंय का, तेही बघा. चिखलासाठी तेवढी मोकळीक लागते.

गिअरबाबत गैरसमज फार आहेत. पुढे तीन दातेचक्रं म्हणजे जुनाट आणि एक म्हणजे आधुनिक असं सांगितलं जातं, पण सोप्यात सोप्या गिअरचं गणित मांडा. पुढे २२ आणि मागे ३४ दाते असतील तर एका पेडल-फेऱ्यात चाक ०.६५ वेळा फिरतं. पुढे ३२ आणि मागे ५० असतील तर ०.६४ वेळा. चढायला दोन्ही सारखेच. पुढच्या एकाच चक्राचा खरा फायदा हा, की चिखलात अडकायला पुढचा डिरेलरच (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नसतो. तो फायदा मोठा आहे, पण त्यासाठी चांगली जुनी सायकल विकायचं कारण नाही.

ब्रेक मात्र हायड्रॉलिक डिस्कच घ्या, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती तेलाच्या दाबाने पकडणारे. या खेळाच्या जन्मकथेतही ब्रेकच आहेत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडत. पेडल उलटं दाबून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत, की चाकाच्या मध्यातल्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक उतारानंतर ते नव्याने भरावं लागे. म्हणून त्या वाटेचं नावच 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. आपल्या घाटांचा उतारही तसाच लांब असतो. वायरचे ब्रेक दाबून दाबून बोटं आखडतात आणि नेमक्या अवघड जागी जोर कमी पडतो.

३. हवा मोजा

एवढ्या एका सवयीने सायकल बदलल्यासारखी वाटते, आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरली तर टायर दगडावरून उड्या मारतो आणि मुरमात पकड सोडतो. सत्तर किलोच्या माणसाने २.२५ इंची टायरमध्ये ट्यूब असताना पुढे २६ ते २८ आणि मागे ३० पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूबलेस असेल तर पुढे २२, मागे २५ च्या आसपास. मग प्रत्येक फेरीला एकेक पीएसआय कमी-जास्त करून बघा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही, साधं गेज घ्याच.

हवा कमी झाली की तेही कळतं. पंक्चर काढताना ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं शेजारी शेजारी दिसली, तर काटा शोधत बसू नका. ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली गेली आहे, म्हणजे हवा कमी होती. एकच भोक असेल तर काटा. बाभळीचा काटा टायरमध्येच मोडून राहतो आणि नवी ट्यूबही फोडतो. तो शोधायला टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. काटा असेल तिथे धागा अडकतो आणि बोटही वाचतं.

बाभळी-बोरींच्या भागात नेहमी जात असाल तर ट्यूबलेस करून घ्या. टायरमध्ये सीलंट असलं की लहान काट्याची भोकं चालता चालता बुजतात. पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी सायकल हलवून बघा. आत द्रव हलल्याचा आवाज आला नाही तर नवं ओता.

४. निघण्यापूर्वीची पाच मिनिटं

पुढचं चाक दोन-तीन इंच उचलून सोडा. खडखड ऐकू आली तर काहीतरी ढिलं आहे. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मानेत टकटक जाणवली तर तिथला सांधा सैल आहे. चाकांच्या क्विक रिलीजचा (पान्याशिवाय चाक काढता येणाऱ्या कळीचा) दांडा बंद करताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे. चाक फिरवून पाहा, डावी-उजवीकडे डुलत असेल तर आउट काढून घ्या. ब्रेक लिव्हर हँडलला टेकत असेल तर त्या दिवशी जाऊच नका. आणि नव्या सायकलवर कोणता लिव्हर पुढच्या ब्रेकचा आहे, हे सपाट रस्त्यावर तपासा, कारण सगळ्या सायकलींत तो एकाच बाजूला नसतो.

सोबत एक जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, चेन तोडायची सोय असलेलं मल्टिटूल, चेनची एक जोडकडी, दोन लिटर पाणी आणि मीठ-साखरेचं लिंबू सरबत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसावं. मागे सरकलं तर कपाळ उघडं पडतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला, कारण आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. हातमोजे विसरू नका, पडताना माणूस आधी हातच पुढे करतो. कुठल्या वाटेने जाताय आणि कधी परताल, हे घरी सांगून निघा.

५. वाटेवर

चढावर सीटची उंची अशी हवी, की टाच पेडलवर ठेवली तर खालच्या टोकाला पाय सरळ होईल. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका. जोर लावत असताना बदललात तर चेन कुरकुरते, कधी तुटते. मुरमाच्या चढावर उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागेवर फिरतं. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती खाली घ्या, कोपरं आत.

उताराआधी सीट पाच-आठ सेंटिमीटर खाली घ्या. दोन्ही पेडल आडवी, भार हातांवर नाही तर पायांवर, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, गुडघे सैल. आता सायकल तुमच्या खाली हलू द्या, तिला घट्ट आवळू नका. नजर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. ज्या दगडाकडे टक लावाल त्याच दगडावर चाक जातं, हे पहिल्याच दिवशी पटेल.

ब्रेक प्रत्येक हाताच्या एकाच बोटाने, लिव्हरच्या टोकाला. थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून त्याला घाबरून फक्त मागचा दाबायची सवय लावू नका. फक्त तो झटक्याने नाही, हळूहळू दाबायचा. मागचं चाक घसटत नेलं की वेग नीट कमी होत नाही आणि वाटेवर चर पडतो. पुढच्या पावसात त्याच चरातून पाणी वाहतं आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओढा होतो. वेग वळणाच्या आधी कमी करा. वळताना बाहेरचं पेडल खाली ठेवून भार त्यावर द्या आणि सायकल आत कलवा.

गुराखी, शेळ्या किंवा सकाळी फिरायला आलेले आजी-आजोबा दिसले की वेग पूर्ण कमी करा आणि लांबूनच "काका, डावीकडून येतोय" असं सांगा. ही वाट आधी त्यांची आहे.

६. परत आल्यावर

दुचाकी धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊ नका. तिथल्या जोराच्या फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि शेवटी चमक यावी म्हणून बऱ्याच ठिकाणी डिझेल मारतात. डिझेलचा अंश डिस्कवर आणि पॅडवर गेला की ब्रेक किंचाळतात, पकड सोडतात आणि बहुधा पॅड टाकून द्यावे लागतात. घरी बादली, मऊ ब्रश आणि भांड्यांचा साबण पुरतो. डिस्कला बोटं लावू नका. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्यानेच पुसा. पॅडचा घासणारा थर एक मिलिमीटरवर आला की बदला, आणि नवे पॅड बसवले की सपाट रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबायचं वीसेक वेळा करा. त्याशिवाय त्यांना पूर्ण पकड येत नाही.

चेन फडक्यात धरून पेडल उलटं फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत पुसा, पूर्ण सुकू द्या. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब वंगण. दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका. काम आतलं वंगण करतं, बाहेरचं फक्त धूळ धरतं. उन्हाळ्यात कोरडं वंगण, पावसात ओलं. इंजिन ऑइल किंवा गोडं तेल नको.

चेन झिजली का, हे साध्या पट्टीने कळतं. बाहेरची आणि आतली मिळून एक अशा बारा जोड्या बरोबर १२ इंच भरतात. एक षोडशांश इंच जास्त भरली तर चेन बदला. तशीच चालवत राहिलात तर ती मागच्या कॅसेटचे (दातेचक्रांच्या संचाचे) दाते खाते, आणि कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग असते.

सस्पेन्शनच्या चकाकत्या नळ्या प्रत्येक फेरीनंतर पुसा. एअर फोर्क (हवेवर चालणारा पुढचा चिमटा) असेल तर सायकलवर स्थिर बसल्यावर तो एकूण हालचालीच्या २० ते २५ टक्के दबायला हवा. त्यासाठी नळीवरचं रबरी कडं खाली सरकवून, हळूच बसून, हळूच उतरून मोजायचं. ब्रेकचं तेल बदलायची वेळ आली तर कंपनीने सांगितलेलंच वापरा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड गेलं की आतले सील फुगून खराब होतात.

७. वर्षाचं वेळापत्रक

जूनमध्ये वाटा चिखलाच्या असताना टेकड्यांना विश्रांती द्या आणि खडीच्या किंवा डांबरी घाटरस्त्यांवर सराव ठेवा. पावसाळ्यात सायकल जास्त चालवली नसली तरी दमट हवेने बेअरिंग आणि केबल गंजतात. म्हणून मोठी सर्व्हिस पावसाळ्याच्या शेवटी करावी: हबची बेअरिंग उघडून नवं ग्रीस, केबल बदलणं, सीटची नळी बाहेर काढून पुसून पुन्हा ग्रीस लावणं, फोर्कचं खालचं ऑइल. मी हे काम खंडेनवमीच्या आदल्या रविवारी घेतो. सुट्या केलेल्या सायकलबरोबर सगळे पाने आणि अ‍ॅलन कीही धुऊन-पुसून होतात आणि पूजेला दोन्ही एकत्र मांडता येतात. हळदकुंकू हँडलला लावा, झेंडूचा हार स्पोकमध्ये जाणार नाही असा बांधा, आणि निरांजनाचं तेल डिस्कपासून हातभर लांब ठेवा.